विचारा तर खरं : जॅझ, जोग आणि झाडीपट्टी

प्रश्न : मी नागपूरला नंदनवनात राहते. वय 21, बी.कॉम. झालंय. शाळेत असताना पाश्चात्त्य व्हायोलिनच्या पाच ग्रेड दिल्या, मग हिंदुस्थानीकडे वळले, गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा पूर्ण ही परीक्षा दिली. अलीकडे जॅझ ऐकून ऐकून बसवते. आजोळ ब्रह्मपुरीकडचं, त्यामुळे दंडारीच्या, म्हणजे तिकडच्या झाडीपट्टीतल्या लोकनाट्याच्या, चालीही हातात आहेत. जोग राग आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ब्लूज तर मला एकच वाटतात, दोन्हींत दोन गंधार, शुद्ध आणि कोमल! हे सगळं मिळून माझं वाजवणं उभं करावं आणि त्यावरच पोट भरावं असं वाटतं. गुरुजी म्हणतात, ‘हे म्हणजे तर्री पोह्यांवर चीज.’ बाबा म्हणतात, बँकेची परीक्षा दे. असं करिअर कोणी केलंय का?

उत्तर : तू माझ्या शिकवणीतल्या मुलींच्या वयाची, म्हणून ‘तू’च म्हणतो.

केलंय, आणि चांगलं दणक्यात केलंय. एल. सुब्रमण्यम यांचं नाव बाबांना आधी सांग, कारण ते मद्रासला एमबीबीएस झाले होते. डॉक्टरकी बाजूला ठेवून कॅलिफोर्नियात पाश्चात्त्य संगीत शिकले. 1984 मध्ये जॅझ व्हायोलिनचे बुजुर्ग स्तेफान ग्रापेली यांच्याबरोबर त्यांची तबकडी आली आणि पुढच्याच वर्षी झुबिन मेहतांच्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर ते स्वतःची रचना वाजवत होते. धाकटे भाऊ एल. शंकर 1975 पासून जॉन मॅकलॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ती’ या बँडमध्ये होते. तिथं तर गिटारवाला व्हायोलिनच्या गमकांमागे धावतो आणि व्हायोलिन गिटारच्या तानांमागे!

पण दोघंही वडिलांकडे कर्नाटक पद्धतीत लहानपणापासून घासून तयार झालेले. तुझ्या पत्रात मला नेमकं हेच दिसत नाही. पाचवी ग्रेड आणि मध्यमा पूर्ण, म्हणजे दोन्हीकडे तू मधल्या पायरीवर आहेस. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात येहुदी मेनुहिन यांच्यापेक्षा मोठा व्हायोलिनवादक कोणता काढायचा? ग्रापेलींबरोबर जॅझ वाजवताना त्यांच्यासाठी आयत्या वेळी सुचल्यासारखे वाटणारे तुकडे आधी लिहून ठेवावे लागत, आणि ते हे मोकळेपणानं सांगतही. त्यात कमीपणा नाही. त्यांचं स्वतःचं घर इतकं पक्कं होतं की पाहुणे म्हणून जायला त्यांना लाज वाटली नाही. तुला आधी घर हवं. मी तुझ्या जागी असतो तर हिंदुस्थानी धरलं असतं आणि विशारद या पुढच्या परीक्षेच्याही पुढे गेलो असतो. परीक्षेसाठी नाही, एक राग पाऊण तास वाजवताना पुढे काय करू हा प्रश्न पडणं बंद व्हावं म्हणून.

आता जोग. तुझं निरीक्षण अर्धं बरोबर आहे. जोगमध्ये जाताना शुद्ध गंधार आणि येताना ‘ग म ग सा’ (पहिला ग शुद्ध, दुसरा कोमल) अशा वळणानं कोमल गंधार, रिषभ-धैवत नाहीतच. ब्लूजमध्येही दोन्ही गंधार भेटतात, पण तिथं गायक-वादक दोघांच्या मधल्या जागेत घसरत राहतो. खरी गंमत कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडीची, आहे. जोगचा सा हलत नाही, तंबोरा एकच गोष्ट सांगत बसतो. ब्लूजच्या बारा बारच्या (चार-चार ठोक्यांच्या खणांच्या) आवर्तनात पाचव्या बारला कॉर्ड मध्यमावर जातो. तिथं तुझा तोच कोमल गंधार त्या कॉर्डचा कोमल निषाद होऊन बसतो, एकदम गोड. आणि शुद्ध गंधार तिथं धरून ठेवलास तर दाताखाली खडा. एखाद्या गिटारवाल्या मित्राला तुझ्या सा मध्ये हे आवर्तन वाजवायला सांग आणि त्यावर फक्त हे दोन गंधार धरून पाहा, दुसरं काही नाही. पाचव्या बारला तुझं बोट आपोआप सरकायला लागलं की समज, जॅझ कानात शिरायला लागला. तोवर ‘फ्यूजन’ म्हणून चाललेलं पुष्कळसं वाजवणं म्हणजे खाली कॉर्ड आणि वर राग, आपापल्या वाटेनं चाललेले. असले कार्यक्रम मी सिव्हिल लाइन्समध्ये बसून ऐकले आहेत. टाळ्या भरपूर पडतात, तो भाग वेगळा.

स्विंगची, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीची, भीती बाळगू नकोस. एका ठोक्याचे तीन भाग कर, पहिले दोन जोडून घे, तिसरा सुटा ठेव. दादरा ज्यांच्या अंगात आहे त्यांना हे लवकर येतं. फक्त टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर द्यायची, समेवर नाही. आपल्या माणसाला हेच अवघड जातं.

आणि जमलं तर दोन व्हायोलिनं ठेव. एक पाश्चात्त्य पद्धतीनं सुरात लावलेलं, उभ्यानं वाजवायला. दुसरं सा-प वर लावून, मांडी घालून, व्हायोलिनचं खुंट्यांकडचं टोक पायावर टेकवून. बसल्यावर डावा हात वाद्य पेलण्यातून सुटतो, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तेव्हाच लांब जाते. एकाच वाद्याच्या खुंट्या दिवसभर पिळत राहिलीस तर तारा तुटतील आणि कानही गोंधळेल.

लोकसंगीताबाबत तू माझ्यापेक्षा श्रीमंत आहेस, पण पत्रात त्याला एकच ओळ दिलीस! दिवाळीनंतर वडसा-ब्रह्मपुरीकडे जा, झाडीपट्टीच्या नाटकांना रात्रभर बस, स्टेजसमोरच्या वाजवणाऱ्यांकडे बघ. तिथल्या एका पेटीवाल्यानं मला म्हटलं होतं, ‘सर, इथं नट चुकला तरी आपल्याले वाजवतच राहा लागते.’ जॅझवाले हेच शिकायला क्लबात जातात. परधान या आदिवासी गायकांचा बाना ऐकलास का? तीन तारांचं, गजानं वाजवायचं वाद्य. त्यावर गोंडांच्या देवांच्या आणि राजांच्या कथा गातात. गज आपल्याकडे व्हायोलिनच्याही आधीपासून आहे. त्याचा खरखरीत, थोडा नाकातला आवाज तुझ्या व्हायोलिनमधून काढता आला तर तो तुझा स्वतःचा म्हणता येईल. चाल कोणाकडून घेतलीस त्याचं नाव मात्र कार्यक्रमात माइकवरून घे, आणि मानधनातला वाटाही दे.

पोटाचं बोलायचं तर निव्वळ मैफलींवर नागपुरात कुणाचं भागताना मी पाहिलं नाही. शिकवण्या, रेकॉर्डिंग, लग्नातली संगीत संध्या, नाटकाचं पार्श्वसंगीत, असं सगळं मिळून चालतं. संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयोगटातल्या तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षं महिना 5,000 रुपये. त्यासाठी अर्ज कर. आकाशवाणीची ऑडिशन हिंदुस्थानीतच दे. बँकेची परीक्षा द्यायलाही माझी हरकत नाही. नोकरी करून रात्री रियाझ करणारे मला माहीत आहेत आणि त्यांतले काही भल्याभल्यांपेक्षा सुरेल आहेत. आणि गुरुजींवर रागावू नकोस. एकदा त्यांच्यासमोर जोग पूर्ण वाजव, मग चीजचा विषय काढ.

प्रश्न : मुलाचं व्हायोलिन एप्रिल-मे मध्ये दरवर्षी बिघडतं. खुंट्या कधी अडकतात, कधी सुटतात. वाद्यच हलकं आहे का? (एक पालक, मानेवाडा)

उत्तर : वाद्य नाही, कूलर. नागपूरच्या उन्हात लाकूड सुकतं, खुंटी सैल होते. मग खोलीत कूलरची ओली हवा आली की तीच खुंटी फुगून अडकते. व्हायोलिनची पेटी कूलरच्या झोतापासून दूर, आतल्या खोलीत ठेवा, वाजवून झालं की वाद्य आत ठेवून ती बंद करा. उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात ठेवू नका. व्हायोलिनचे सांधे सरसानं जोडलेले असतात, तो उष्णतेनं सुटतो. अडकलेली खुंटी जोरानं पिळू नका, मोडते. कारागिराकडे न्या.

प्रश्न : चित्रपटगीत व्हायोलिनवर वाजवून त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला की त्याचा आवाज बंद केला जातो. स्वतः वाजवलेलं असूनही? (एक वाचक, वर्धा)

उत्तर : हो. वाजवणं तुमचं, चाल संगीतकाराची, आणि हक्क बहुतेक वेळा कंपनीकडे. जुनी पारंपरिक चाल घ्या, वाजवा स्वतः, साथही स्वतःचीच ठेवा. तरीही कॉपीराइटचा दावा आला तर हरकत नोंदवा. गाणी ओळखणारं यंत्र कधीकधी तंबोऱ्यालाही गाणं समजतं.