गडद निळं आभाळ छापल्यावर जांभळं का येतं? पोस्टरं विकायची आहेत, तर आधी किती प्रती काढू?

स्वतःच्या चित्रांची ए-२ पोस्टरं विकायची म्हणताय आणि पहिल्याच नमुन्यात आभाळ जांभळं निघालं. नमुना काढलात हे फार बरं केलंत. माझ्या पहिल्या पोस्टरचं आभाळही असंच बिघडलं होतं, पण मी नमुना न बघता थेट दोनशे प्रती छापायला सांगितल्या होत्या. गठ्ठा सोडला तेव्हा पोटात गोळा आला.

यात बहुतेक वेळा छापखान्याचा दोष नसतो. स्क्रीनवरचा निळा हा उजेड असतो, कागदावरचा निळा ही शाई. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांतून तो झगझगीत निळा निघतच नाही. सायन आणि मॅजेंटा दोन्ही शंभर टक्क्यांच्या आसपास गेले की रंग जांभळ्याकडे झुकतो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी खाली ठेवा, आभाळ निळं राहील. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शायांच्या रंगपद्धतीत, आधीच बदलून घ्या, म्हणजे कुठला रंग मरतोय ते पैसे देण्याआधी दिसेल. काम करताना स्क्रीनचा ब्राइटनेसही उतरवा. तो पूर्ण ठेवून रंग ठरवले, तर छापील प्रत काळवंडलेली वाटणारच.

बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. माझ्या पोस्टरच्या तळाशी एक ओळ चारही शायांत गेली होती. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक अक्षराला एका बाजूने गुलाबी, दुसऱ्या बाजूने निळी किनार! छपाईत एखादा रंग केसभर सरकला तरी असं होतं. मोठ्या काळ्या पट्ट्याचं मात्र उलटं आहे. तिथे नुसता काळा राखाडी दिसतो, थोडा सायन मिसळावा लागतो.

ए-२ साठी ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) ४९६१ × ७०१६ पिक्सेल लागतात. पोस्टर चार पावलांवरून बघतात, त्यामुळे चित्राला १५० डीपीआयही चालून जातं. अक्षरं मात्र व्हेक्टरच ठेवा, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेली. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड सोडा, म्हणजे कापताना छाटली जाणारी जादा छपाई.

प्रतींचं म्हणाल, तर वीस-पंचवीसच काढा, आणि त्या डिजिटलवर, म्हणजे फाइलवरून थेट छापणाऱ्या मशीनवर. ऑफसेटला, म्हणजे प्लेटांवरून होणाऱ्या छपाईला, प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च आधीच होतो, म्हणून प्रती वाढतील तसा दर उतरतो. त्या उतरत्या दराच्या मोहातच माणूस घरात गठ्ठे साठवतो. कोणतं चित्र खपतंय ते कळू द्या, मग ऑफसेटकडे वळा. कागद २०० जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) किंवा वरचा, मॅट. ग्लॉसीवर दिव्याची तिरीप पडली की चित्र दिसत नाही. वर्षानुवर्षं टिकणारी प्रत म्हणून विकणार असाल तर पिगमेंट शाईच वापरा, म्हणजे रंगकणांची, लवकर न विटणारी. प्रतींवर १/५० (पन्नासांतली पहिली) असे आकडे टाकलेत, तर एक्कावन्नावी छापू नका. घेणाऱ्याने त्या शब्दाचे पैसे मोजलेले असतात.

विक्रीसाठी फोटो काढताना पोस्टर भिंतीवर लावा आणि शेजारी खुर्ची ठेवा. नुसत्या चित्रावरून आकाराचा अंदाज येत नाही, मग पार्सल उघडल्यावर ‘एवढंच?’ असं होतं. ए-२, ए-३ हे ठरलेले आकार सोडू नका, तयार फ्रेम सहज मिळते. पाठवताना ट्यूब रुंद घ्या. अरुंद ट्यूबमध्ये आवळून गुंडाळलेलं पोस्टर आठवडाभर कोपरे वळवत राहतं.