मनातलं विचारा: गावले शिकवलं, घरले काय भेटलं?

प्रश्न: ताई, मी रावेर तालुक्यातला केळीवाला शेतकरी, वय ५२, पाच एकर बाग. आमच्या गावात टिश्यूची (प्रयोगशाळेत तयार केलेली) रोपं आणि ड्रिप सुरुवातीला ज्यांनी लावलं त्यातला मी एक, आणि तेव्हापासून जो विचारायला येईल त्याला सांगत आलो. खताचं शेड्यूल लिहून दिलं, निसवणीच्या, म्हणजे झाडातून घड बाहेर पडायच्या टायमाला दुसऱ्याच्या बागेत उभं राहून केळफूल कधी तोडायचं, फण्या किती ठेवायच्या, घडाला पिशवी कशी चढवायची सगळं दाखवलं. आज त्यातल्या काही पोरांचा माल एक्सपोर्टला जातो, एकाने तर शेजारचं शेत विकत घेतलं. मी आहे तिथेच आहे, पण खरं सांगतो, त्यांच्या बागेतले भरलेले घड पाहिले की मला माझ्या बागेपेक्षा जास्त बरं वाटतं. बायको म्हणते, "गावले शिकवलं, घरले काय भेटलं?" पोरगा म्हणतो, सल्ल्याचे पैसे घ्या. आणि आता त्यातल्याच एका पोराचा यूट्यूबवर इंटरव्ह्यू आला, सगळं मीच प्रयोग करून शिकलो म्हणाला, माझं नावसुद्धा घेतलं नाही. तेव्हापासून मन लागत नाही. मी नावासाठीच करत होतो का? माझा आनंद खोटाच होता का?

उत्तर: भाऊ, तुमचा आनंद खरा आहे आणि वाईट वाटलं तेही खरं आहे, एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही.

दुसऱ्याच्या बागेत तुम्हाला बरं का वाटतं ते बघा ना. खालच्या फण्या काढायच्या म्हटलं की नवीन पोराच्या जिवावर येतं, लागलेला माल हाताने कसा काढून टाकायचा, नुकसानच दिसतं त्याला. तुम्ही शेजारी उभे होतात म्हणून त्याचा हात चालला, आणि वरच्या फण्या भरल्या. तो घड पाहताना दुसऱ्या कोणाला नुसती केळी दिसते, तुम्हाला त्यात तुमचा तो दिवस दिसतो, म्हणजे तुम्ही तुमचंच काम बघत असता, फक्त ते दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभं आहे. एरिक एरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्येच मांडून ठेवलंय की मधल्या वयात माणसाची ओढ पुढच्यांना घडवण्याकडे, त्यांच्यासाठी काही मागे ठेवण्याकडे वळते आणि ती वाट मिळाली नाही तर माणूस आतून साचून राहतो. तुम्हाला ती वाट तुमच्याच शिवारात सापडली, यात कमीपणाचं काय आहे?

आता तुमचा खरा प्रश्न, की नावासाठी करत होतो का. याची परीक्षा इंटरव्ह्यूवरून घेऊ नका. तुम्ही त्या पोराकडे जात होतात तेव्हा मनाने जात होतात की नाही म्हणता येत नाही म्हणून जात होतात, हे आठवा. नेटा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन या दोघांनी २०१० मध्ये मदतीवरच अभ्यास मांडला, त्यात दिसलं की आपल्या मर्जीने केलेल्या मदतीनं करणाऱ्यालाही बरं वाटतं आणि घेणाऱ्यालाही, पण दबावाखाली केलेल्या मदतीत ते समाधान राहत नाही. तुम्ही आपल्या खुशीने गेलात हे तुमच्या पत्रातल्या ओळीओळीत दिसतं. आणि केलेल्या कामाला कोणी आपलं म्हणावं असं वाटणं म्हणजे हावरेपणा नाही हो, सालदारालाही वाटतं मालकाने चारचौघात म्हणावं की याच्यामुळे यंदा पीक आलं.

त्या पोराला मात्र सरळ सांगा. गावात कुजबूज नको, त्याच्या काकाकडून निरोप नको. बांधावर गाठ पडली की म्हणा, तुझा इंटरव्ह्यू पाहिला, छान बोललास, पण माझं नाव घेतलं नाहीस ते लागलं मला. बहुतेक पोरं कॅमेऱ्यासमोर गडबडतात, तो ओशाळेल आणि पुढच्या वेळी घेईल. नाही घेतलं तरी तुमच्या मनातलं बाहेर पडलेलं असेल, आणि त्याच्या बागेत जायचं की नाही हे मग मोकळेपणाने ठरवता येईल.

आपल्याच जिल्ह्यातले सोपानदेव चौधरी बघा. स्वतः नावाजलेले कवी, पण आईला, बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं म्हणून तिची गाणी कागदावर उतरवून ठेवण्यात त्यांचा हात होता, १९५१ मध्ये ती गेल्यावर त्यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये छापून आली. आज जळगावच्या विद्यापीठाला आईचं नाव आहे आणि सोपानदेवांची ओळख बऱ्याच जणांना बहिणाबाईंचा मुलगा म्हणूनच आहे. त्यांचं स्वतःचं लिखाण त्यामुळे कमी झालं नाही, पण ते त्या गाण्यांमागे नुसते मुलगा म्हणून नाही, कवी म्हणूनही उभे राहिले, त्यातली ताकद ओळखून त्यांनी ती पुढे नेली, हे मला फार मोठं वाटतं. असा माणूस मागे उभा नसता तर ती गाणी जळगावच्या आसपासच विरून गेली असती.

वहिनींच्या बोलण्यात मात्र दम आहे, ते उडवून लावू नका. तरी घराला काहीच मिळालं नाही असंही नाहीये. एका कंटेनरला साधारण २० टन एकसारखा माल लागतो, तो पाच एकरवाला एकटा कुठून देणार, गावात बऱ्याच बागा चांगल्या झाल्या म्हणून व्यापारी तुमच्या गावापर्यंत येतो. सीएमव्ही या केळीवरच्या विषाणूच्या रोगाचंही तसंच, मावा ही कीड तो रोग एका शेतातून दुसऱ्यात नेते, शेजाऱ्याला रोगट झाड ओळखून वेळेत उपटायला तुम्ही शिकवलं म्हणून तुमचीही बाग वाचते. हे त्यांना बसून सांगा. पण मला वाटतं त्यांचं दुखणं पैशाचं कमी आणि तुमच्या वेळेचं जास्त असेल, आपल्या बागेत निसवण चालू आणि घरधनी दुसऱ्याच्या बांधावर, मग मजूर कोणी बघायचे, तर त्यांनीच ना? म्हणून निसवणीत आणि कापणीत आधी घरचं, मग गावाचं. पोरांना संध्याकाळी एकत्र तुमच्याच बागेत बोलवा, शिकायचं ते इथेच शिकतील आणि तुमचं कामही उरकेल.

मुलाचंही चुकीचं नाही. मोठा बागायतदार किंवा लांबच्या गावचा कोणी बोलवत असेल तर येण्याजाण्याचा खर्च आणि सल्ल्याची फी बिनधास्त सांगा, पैसे घेतल्याने मदत बाटत नाही. गावातल्या, पहिल्यांदा बाग लावणाऱ्या पोराकडून घ्यावेसे वाटत नसतील तर नका घेऊ, ते तुमचं तुम्ही ठरवा, फक्त ठरवलंय ते घरात सांगून ठेवा.

प्रश्न: मी धुळ्याची, वय २३, पोलीस भरतीची तयारी करते. अभ्यासिकेतल्या मैत्रिणीला गणित आणि बुद्धिमत्ता मीच शिकवलं, ती सिलेक्ट झाली, मी राहिले. लेखीत मला तिच्यापेक्षा जास्त मार्क होते, ग्राउंडमध्ये, म्हणजे मैदानी चाचणीत, मार्क गेले. तिची जॉइनिंग अजून बाकी आहे. सगळे म्हणतात तुला आनंद व्हायला पाहिजे, मला होत नाही. मी वाईट आहे का?

उत्तर: अजिबात नाही गं. निकाल ताजा आहे, आत्ता तुझं दुःख आधी येणारच, आनंद जबरदस्तीने आणायची गरज नाही. शिकवल्यामुळे तुझं नुकसान झालं असं मात्र मनात धरू नकोस, दुसऱ्याला समजावताना आपला विषय पक्का होतो आणि तुझ्या लेखीच्या मार्कांत ते दिसतंय. अडलंय ते ग्राउंडच्या ५० मार्कांत. मग तेच तिच्याकडून माग, तिने ते करून दाखवलंय. जॉइनिंगपर्यंत रोज पहाटे मैदानावर ये, माझं ८०० मीटरचं टायमिंग लाव, गोळा फेकताना कुठे चुकतं ते बघ, असं स्पष्ट म्हण. तू तिला इतकं दिलंस, आता तिलाही काही देता आलं तर तिला हवंच असेल, आणि निकालानंतर तुमच्यात जो अवघडलेपणा आलाय तोही सोबत पळता पळता कमी होईल. घरी मात्र आजच सांगून टाक की अजून एक भरती देणार आहे, म्हणजे लग्नाचा विषय निघायच्या आत तयारीला लागता येईल.