ताई, सांगा ना : नवीन वस्तू आणली, पण हातात कोणी घेईना

यावेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आली, म्हणून त्यातली चार घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण ते दुखणं घरोघरी आहे.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं नागपूरला गांधीबागेत कापडाचं होलसेल दुकान आहे, आजोबांपासूनचं. मागच्या दिवाळीत मी कॉम्प्युटर घेतला, बिलिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, एक पोरगा येऊन दिवसभर शिकवून गेला. पण बाबा आणि आमचे मुनीमजी अजून लाल वहीतच लिहून राहिले आन् रात्री मी बसून ते सगळं कॉम्प्युटरमध्ये भरून राहिलो. काम डबल झालं. किती वेळा समजावलं की स्टॉक दिसतो, उधारी एका मिनिटात कळते, पण ऐकतच नाहीत. जुन्या माणसांना नवीन नकोच असतं का?

उत्तर : दादा, मुनीमजींच्या खिशात स्मार्टफोन आहे का पाहा. असेलच, आन् त्यावर नातवाचे व्हिडिओपण पाहत असतील. म्हणजे नवीन नको असलेला माणूस नाही तो. त्यांना ही एक नवीन गोष्ट नको आहे, आणि ती का नको ते त्यांच्या गादीवर बसून पाहावं लागेल.

मी बरीच वर्षं इतवारी, मस्कासाथ, गांधीबाग या भागात दुकानदारांना हिशोबाचं सॉफ्टवेअर शिकवत फिरले आहे. एकदा एका मुनीमजींची वही जवळून पाहायला मिळाली. काही पार्ट्यांच्या नावापुढे पेन्सिलीचं बारीक टिंब होतं, दिसेल न दिसेल असं. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, हा माणूस वायदा पाळत नाही, याला माल देण्याआधी शेठला विचारायचं. तीस वर्षांची पारख त्या टिंबात होती आणि आम्ही शिकवताना त्या टिंबाचं काय करायचं हे सांगितलंच नव्हतं. शेरा लिहायचा रकाना सॉफ्टवेअरमध्ये होता, पण कोणी दाखवला नाही. आम्ही आपले फायदेच सांगत बसलो आणि त्यांना दिसत होतं ते हातचं जाणारं.

डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नेमकं हेच मांडलं, की शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये गेल्याचं दुःख सारखं नसतं, गेल्याचं जास्त लागतं. आता तुमच्या मुनीमजींचं पाहा. वही उघडली की त्यांचा हात बरोबर त्या पानावर जातो, अख्खं दुकान त्यांना विचारून चालतं, आणि कॉम्प्युटरसमोर बसले की तोच माणूस एका बोटाने अक्षर शोधत राहतो, समोर गिऱ्हाईक उभं, बाजूला दुकानातली पोरं हसून राहिली. वयाच्या साठीला पहिलीच्या वर्गात बसल्यासारखं वाटतं हो. ही लाज फार मोठी असते आणि सॉफ्टवेअर विकणारा तिचा कधी विचार करत नाही.

दुसरं असं की आपण सोपं आहे, सोपं आहे म्हणत राहतो. फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने १९८९ मध्ये ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या वापराचा अभ्यास केला, त्यात दिसलं की सोपेपणा लागतोच, पण माणूस ती वस्तू वापरेल की नाही हे जास्त करून तिच्या उपयोगावर ठरतं, आणि उपयोग म्हणजे त्याच्या स्वतःच्या कामात झालेला उपयोग. स्टॉक दिसणं हा तुमचा उपयोग झाला दादा. मुनीमजींचा कोणता? मला वाटतं त्यांना कोणी विचारलेलंच नाही.

सक्तीचंही पाहिलं आपण. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कितीतरी दुकानांत कॉम्प्युटर आले, आणि बऱ्याच ठिकाणी ते कपडा झाकून कोपऱ्यात राहिले, काम सीएकडचा पोरगाच करायचा. सक्तीने वस्तू दुकानात येते, पण हातात येईलच असं नाही.

ज्या मुनीमजींचं टिंब सांगितलं त्यांचं पुढे काय झालं ते सांगते. एका दुपारी चंद्रपूरच्या पार्टीचा फोन आला, माझी बाकी किती म्हणून, आणि वही नेमकी सीएकडे गेलेली. मी तिथेच होते. नावाची पहिली तीन अक्षरं टाकायला सांगितली, त्यांनी टाकली, बाकी समोर. फोन ठेवला आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, आता वर्ध्यावाल्याचं दाखवा. बस. नड त्यांची होती, उत्तर त्यांच्या हाताने निघालं, आणि फोनवर बोलणाऱ्याला वाटलं मुनीमजींना तोंडपाठ आहे.

म्हणून तुम्ही आधी रात्री बसून भरणं बंद करा, तुम्ही भरून राहिले तोवर त्यांना गरजच पडत नाही. बिलिंग सध्या राहू द्या, फक्त उधारी घ्या. मशीन तुमच्या केबिनमधून काढून त्यांच्या गादीजवळ ठेवा. बाजार उघडायच्या आधी अर्धा तास दोघंच बसा, पोरं कोणी नको. आणि वही बंद करा असं महिनाभर म्हणूच नका. मुनीमजी बसले की बाबा आपोआप डोकावतील, वडिलांना मुलाकडून शिकायला जड जातं, बरोबरीच्या माणसाकडून जात नाही.

प्रश्न : मी ६१ वर्षांची, मानेवाड्याला राहते. मुलगा पुण्याला आहे, त्याने फोनवर पैसे पाठवायचं ॲप टाकून दिलं, पण मला बाई भीतीच वाटते, चुकीचं बटण दाबलं आन् सगळे पैसे गेले तर? मुलगा फोनवर चिडतो. मी इतकी मंद आहे का?

उत्तर : काकू, अजिबात नाही. एक खातं, त्यात आयुष्यभराची बचत, आणि चूक झाली तर कोणाकडे जायचं ते माहीत नाही, अशा वेळी हात आखडणं हा शहाणपणच आहे. मुलाला हे वाचून दाखवा.

यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली, तेव्हा पुष्कळांनी नाइलाजाने ॲप घेतलं. पण भाजीवाल्या बाईला ते खरं आवडलं ते आवाजाचा डबा आल्यावर. गोकुळपेठेत मी नेहमी ज्या बाईकडून मेथी घेते तिचे हात ओले असतात, फोन काढून मेसेज पाहायचा म्हणजे जुडी खाली ठेवा, हात पुसा, तोवर गिऱ्हाईक निघून गेलं. डब्यातून वीस रुपये आले असं ऐकू आलं की ती मान हलवते आन् पुढच्याला विचारते. तिची भीती पैसे आले की नाही हीच होती, ती गेली.

तुमची भीती चूक होण्याची आहे ना, मग चूक स्वस्त करून टाका. वेगळं छोटं बचत खातं काढा, त्यात हजार रुपये ठेवा आणि ॲप फक्त त्यालाच जोडा. मुलाला एक रुपया पाठवा, मग त्याच्याकडून परत घ्या. दहा दिवस रोज एक रुपया. आणि एक पक्कं लक्षात असू द्या, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, कोणी पैसे पाठवतो म्हणून पिन टाकायला सांगितला तर तो ठग. तरी काही झालंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० नंबरवर फोन करायचा, हा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा.

प्रश्न : आमचे मिस्टर बाजारात आलेली प्रत्येक नवीन वस्तू सगळ्यात आधी घेतात, अर्धी कपाटात पडून आहेत. काय करू? (प्रतापनगर)

उत्तर : ताई, अशी माणसं थोडीच असतात. नवीन गोष्टी लोकांत कशा पसरतात याचा अभ्यास करणाऱ्या एव्हरेट रॉजर्स यांच्या हिशोबाने शंभरात अडीच. पण गल्लीला ती लागतात. आमच्याकडे एका शेजाऱ्यांनी कूलरला लाकडी ताट्यांऐवजी ते मधमाशीच्या पोळ्यासारखे पॅड लावले तेव्हा मे महिन्याच्या दुपारी आम्ही सगळ्या बाया एकेक करून त्यांच्या कूलरपुढे बसून आलो, आणि पुढच्या उन्हाळ्यात निम्म्या घरांना तेच होते. त्यांनी आधी पैसे घातले नसते तर आम्ही घातले नसते. फक्त मिस्टरांना एवढं विचारत जा, ही वस्तू रोजची कोणती कटकट कमी करेल, उत्तर आलं नाही तर महिनाभर थांबा म्हणा.

प्रश्न : मी काटोलकडे बॅटरीचे फवारणी पंप विकतो. वस्तू चांगली आहे, दांडा मारावा लागत नाही, खांदा दुखत नाही. शेतकरी ऐकून घेतात, हो हो म्हणतात, घेत नाहीत. आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवीन नको आहे का?

उत्तर : भाऊ, हे मनातून काढून टाका. बोंडअळी लागू नये म्हणून तयार केलेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त जमिनीवर तोच होता. पुढे गुलाबी बोंडअळीने रडवलं तो भाग वेगळा, पण नवीन घ्यायला आपला शेतकरी मागे नव्हता. हां, एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, ते तुम्हाला सोसावं लागेल.

अमेरिकेत आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं आलं तेव्हाही असंच झालं होतं. रायन आणि ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी २५९ शेतकऱ्यांना विचारून १९४३ मध्ये त्याचा अभ्यास छापला. दोन सोडून सगळ्यांनी शेवटी ते बियाणं घेतलं, पण वर्षं गेली, आणि आधी बहुतेकांनी एका तुकड्यावर लावून पाहिलं. बियाण्याची बातमी मिळाली विक्रेत्याकडून, मन वळलं शेजाऱ्याच्या शेताने. वर ज्यांचं नाव आलं त्या रॉजर्सचे वडील तिथलेच शेतकरी, त्यांनी ते बियाणं बरीच वर्षं टाळलं, १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा मका उभा आणि यांचा वाळलेला, तेव्हा घेतलं.

तुमच्या पंपात मला आणखी एक गोम दिसते. फवारा मारतो मजूर, पैसे देतो मालक. खांदा दुखत नाही हा फायदा मजुराचा झाला, तो तुम्ही मालकाला ऐकवून राहिले. मालकाशी बोला की एका दिवसात किती पंप फवारणी जास्त होते, मजुरी किती वाचते, बॅटरी गेली तर गावात कोण दुरुस्त करतो. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर विकायच्या आधी तेच शोधा. आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली ती कोणी विसरलेलं नाही, तेव्हा पंपाबरोबर मास्क आणि हातमोजे स्वतःहून द्या, फुकट द्या.

रस्त्याला लागून ज्याचं शेत आहे असा एक शेतकरी गाठा आणि ऐन फवारणीत पंप आठ दिवस त्याच्याकडे ठेवा, पैसे न घेता. तुम्ही तिथे उभे राहू नका, बाजूच्या धुऱ्यावरचे लोकं त्यालाच विचारतील, आणि तो सांगेल ते तुमच्याविरुद्ध असलं तरी लिहून घ्या. दिवाळीत मला कळवा काय म्हणाला ते.