असाइनमेंटमध्ये ‘एका वेळी एकच बुकिंग’ म्हटलंय, त्याचा नेमका अर्थ काय धरायचा?

खोल्यांच्या बुकिंगचा प्रोग्राम लिहायच्या तुमच्या असाइनमेंटमधली दोन वाक्यं तुम्ही दिली आहेत: ‘एका खोलीचं एका वेळी एकच बुकिंग असावं’ आणि ‘वापरकर्त्याला बुकिंग बदलता यावं’. ही वाक्यं कितीही वेळा वाचली तरी अर्थ लागणार नाही. त्यात प्रत्यक्ष वेळा घालून बघा, म्हणजे काय सांगायचं राहिलंय ते दिसेल.

समजा १० ते ११ बुकिंग झालंय आणि दुसऱ्याने ११ ते १२ मागितलं. द्यायचं का? माझ्या मते द्यावं. सुरुवातीचा क्षण बुकिंगमध्ये धरायचा, शेवटचा नाही. मग तपासणी सोपी होते: नव्याची सुरुवात जुन्याच्या शेवटाआधी आणि जुन्याची सुरुवात नव्याच्या शेवटाआधी, हे दोन्ही खरं असेल तरच वेळा एकमेकांवर येतात. बरेच जण फक्त नव्याची सुरुवात किंवा शेवट जुन्याच्या मध्ये पडतो का एवढंच बघतात. त्यात ९ ते १२ बिनबोभाट घुसतं, कारण त्याची दोन्ही टोकं बाहेर आहेत.

दुसऱ्या वाक्यात खरा गुंता आहे. १० ते ११ वाल्यालाच आता साडेदहा ते साडेअकरा हवंय. वरचीच तपासणी लावलीत तर त्याचं बुकिंग स्वतःच्याच जुन्या वेळेला अडतं आणि ‘खोली उपलब्ध नाही’ असा मेसेज येतो. म्हणून बदल करताना त्या बुकिंगचा आयडी वगळून बाकीच्यांशी तुलना करा. जुनं काढून नवं टाकणार असाल, तर दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवं, म्हणजे झालं तर दोन्ही होईल, नाहीतर काहीच नाही. नाहीतर नवी वेळ मिळाली नाही की हातातलीही जाते. दोघांनी एकाच क्षणी तीच खोली मागितली तर? तुमचा डेटाबेस पोस्टग्रेस (PostgreSQL) असेल तर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट, म्हणजे एकमेकांवर येणाऱ्या नोंदी न घेण्याचा नियम लावा, मग दुसरं बुकिंग डेटाबेसच अडवतो.

आता बदल म्हणजे फक्त वेळ, की खोलीसुद्धा? हे कोडवरून ठरणार नाही, सरांना किंवा मॅडमना विचारावंच लागेल. पण ‘बदल म्हणजे काय?’ असं मोघम विचारू नका. ‘मी फक्त वेळ बदलायची सोय ठेवली आहे, खोली बदलायची असेल तर बुकिंग रद्द करून नवं करावं लागेल. चालेल का?’ असं लिहा. याला एका शब्दात उत्तर देता येतं, म्हणून ते येण्याची शक्यताही जास्त.

उत्तर नाहीच आलं, तर रीडमीमध्ये (कोडसोबत द्यायच्या माहितीच्या फाइलमध्ये) ‘गृहीतकं’ असा भाग करून हे सगळं लिहा आणि प्रत्येक गृहीतकाची एक टेस्ट, म्हणजे ते तपासणारा छोटा कोड ठेवा. तपासणाऱ्याचा अर्थ वेगळा निघाला तरी तुम्ही हे विचारपूर्वक ठरवलंय हे त्यांना कळेल. पेमेंट, ईमेल, कॅलेंडर यांचा उल्लेखच नसेल तर त्यांच्या नादी लागू नका. तो वेळ ९ ते १२ च्या टेस्टला द्या.