आजीची समई आणि मनातली मूर्ती

जय ख्रिस्त, ताई. वर्षभर प्रार्थना कोरडी पडलीय, आणि सभेला आलेल्या बाहेरगावच्या एका भावांनी सांगितलं की तुमच्या घरात लपलेली मूर्तिपूजा आहे, आधी आजीची पितळी समई बाहेर काढा. काढू का, असं तुम्ही विचारलंय.

समईचं आधी सांगतो, ते सोपं आहे. राहू द्या. करिंथ शहरातल्या मंडळीत मूर्तीपुढे वाहिलेलं मांस खावं की नाही यावरून वाद झाला तेव्हा प्रेषित पौलाने लिहिलं की मूर्ती म्हणजे जगात काहीच नाही. ज्यांचं मन नाजूक आहे त्यांना सांभाळून घ्या, असंही त्याने तिथेच म्हटलंय; म्हणजे घरात कुणाला ती समई बघून खरंच त्रास होत असेल तर कपाटात ठेवा. पण पितळेत काहीतरी दडलंय म्हणून तिला भ्यायला लागलात, तर नसलेलं सामर्थ्य तुम्हीच तिला दिलंत.

आता खरा प्रश्न. बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १४ वा अध्याय उघडा. बाबेलच्या बंदिवासात इस्राएलाचे काही वडील संदेष्ट्यापुढे येऊन बसलेत. हातात मूर्ती नाही, समोर धूप नाही, उलट देवाचं वचन ऐकायला आलेत. आणि देव म्हणतो, यांनी मूर्ती मनात बसवल्यात, यांना मी प्रश्न तरी का विचारू द्यावा? मला दरवेळी या जागेची धडकी भरते, कारण ही माणसं उपासनेला येणारी आहेत. आपल्यासारखीच.

लपलेली मूर्ती बहुधा वाईट वस्तू नसतेच. मोशेने रानात पितळेचा साप उभारला तो देवाच्याच सांगण्यावरून, आणि त्याच्याकडे पाहून साप चावलेली माणसं जगली. पुढे कित्येक पिढ्या लोक त्याच सापापुढे धूप जाळत राहिले. शेवटी हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. नोकरी, मुलाचे मार्क, कर्ज काढून बांधलेलं घर, मंडळीतलं पद, सगळं याच जातीचं. लोभाला तर पौल सरळ मूर्तिपूजाच म्हणतो.

माझंच सांगतो. एकोणीस वर्षं आमच्या मंडळीत पेटी मी वाजवली. भाता फाटला तेव्हा घरच्या जुन्या पँटचं कापड मीच चिकटवलं. मग कमिटीने एका कॉलेजच्या पोराला बसवलं. त्या रविवारी मी मागच्या बाकावर बसून त्याच्या चुका मोजल्या. सात झाल्या. प्रभुभोजनाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे पुढे आला आणि माझा हात उचललाच नाही. देवासाठी वाजवतो असं मी आयुष्यभर सांगत होतो. देव तर होता तिथेच होता, गेली होती फक्त पेटी, आणि मला मात्र सगळंच गेल्यासारखं झालं होतं.

तुम्ही परिणामांचं विचारलंय. शाप, आजारपण, पैशाची ओढाताण ही यादी त्या भावांनी दिली असेल. स्तोत्र ११५ वेगळं सांगतं: मूर्तींना कान असून ऐकू येत नाही, आणि त्या घडवणारे त्यांच्यासारखेच होतात. माझे कान तसेच झाले होते. उपदेश चालू असायचा आणि मला फक्त पेटीचा सूर ऐकू यायचा.

पण घाई करू नका. प्रत्येक कोरडेपणाच्या मुळाशी मूर्ती नसते. घरातलं माणूस गेलं, झोप उडाली, दुखणं लांबलं, तरी प्रार्थना सुकते. नीतिमान असूनही दुःखात पडलेल्या इयोबाच्या मित्रांनी त्याच्यात पाप शोधलं आणि देव रागावला तो त्या मित्रांवर. म्हणून आधी आठवा, हे नेमकं कधी सुरू झालं, आणि त्याच्या आसपास तुमच्या हातून काय निसटलं किंवा निसटेल असं वाटलं. उत्तर सापडलं तर ते तुमच्या पाळकसाहेबांपाशी किंवा विश्वासातल्या एखाद्या मावशीपाशी मोठ्याने बोला. मी त्या पोरालाच सांगितलं. तो बिचारा लाजला, म्हणाला, काका, काळी चार पट्टीत माझी बोटं अडकतात, जरा दाखवता का?

यहेज्केलाच्या त्याच अध्यायात देव हेही सांगतो की हे सगळं त्याला लोकांचं मन परत हातात घ्यायचं आहे म्हणून.

समई चिंचेने घासा, छान निघेल. लाइट गेली की उपयोगी पडते.