नवरा-बायको सहा महिने वेगळे राहतात आणि पुन्हा प्रेमात पडतात, अशी प्रेमकादंबरी खानदेशात घडवली तर खरी वाटेल का? पहिलं पाऊल कुणी टाकावं?

खरी वाटेल, जरूर लिहा. पण तुम्ही दिलेलं कथानक (भांडण, ती माहेरी, सहा महिने अबोला, शेवटी पावसात स्टेशनवर गाठभेट) आमच्याकडच्या वाचकाला पटणार नाही. इथे दोघंच वेगळे राहतात असं होत नाही. भाऊबंद, शेजारपाजार, मामेसासरे सगळे मध्ये येऊन बसतात. हे मी अनुभवाने सांगतो. आम्ही अमळनेर तालुक्यातले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती तेव्हा माझी बायको आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नंदुरबारला माहेरी गेली, ती भाऊबीजेपर्यंत नांदायला आली नाही.

कारण पाटल्या. तिच्या पाटल्या मी पतपेढीत सोनेतारण ठेवल्या होत्या, थोरल्या भावाच्या ट्रॅक्टरसाठी. तिला न विचारता. चैत्रात एका लग्नाला निघताना तिने डबी उघडली तर आत नुसता सराफाचा गुलाबी कागद. ती ओरडली नाही. कागदाची नीट घडी घालून परत डबीत ठेवली आणि काचेच्या बांगड्या भरून लग्नाला आली. पुढे आखाजीला तिचा भाऊ मुऱ्हाळी आला, तेव्हा निघताना म्हणाली, "न्यायला भाऊ आला, आणायला कुणी येऊ नका. मला यायचं तेव्हा मी येईन."

आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाणारच. गौराई, झोके, आमरस-पुरणपोळी, त्यामुळे पहिले पंधरा दिवस कुणी काही विचारलं नाही. तुमच्या नायिकेला घरातून बाहेर पडायला वेगळं निमित्त शोधूच नका, हे आयतं आहे. विचारणा सुरू होते ती पेरणीला ती शेतात दिसली नाही की.

जूनमध्ये शाळा उघडली आणि तिने तिसरीतल्या पोरीला माझ्याकडे पाठवलं. शाळा बुडायला नको म्हणून. मी आयुष्यात वेणी घातली नव्हती. दोन वेण्या, वर लाल रिबिनी, भांग एकदा डावीकडे जायचा, एकदा उजवीकडे. पोरगी गप बसून राहायची, दुखलं तरी बोलायची नाही. ते गप बसणं कुणाचं आहे हे मला आरशात दिसायचं. तिची आई डबी बंद करून अशीच उभी राहिली होती. कादंबरीत नायक बदलायचा असेल तर तो अशा सकाळी बदलू द्या, आठवणींचे अल्बम चाळून नको.

आता मुख्य गोष्ट. आषाढात थोरल्या भावाने मला धुळ्याला वकिलाकडे नेलं. हिंदू विवाह कायदा, 1955 चं कलम 9, म्हणजे 'नांदायला ये'. नोटिशीचा मसुदा तयार झाला. त्यात वाक्य होतं, 'कोणतेही सबळ कारण नसताना'. मी ते तीनदा वाचलं. कारण पतपेढीच्या तिजोरीत होतं आणि तारण पावती माझ्या खिशात. सही केली नाही. भाऊ बसस्टँडवर सगळ्यांसमोर बोलला मला. तुमचा नायक ती नोटीस पाठवत असेल तर प्रेमकथा तिथेच संपली समजा. कोर्टाने हुकूम दिला तरी बाईला कुणी उचलून आणत नाही, फार तर मालमत्तेवर जप्ती येते. अशाच खटल्यात रखमाबाई तर 1887 सालीच म्हणाल्या होत्या की तुरुंगात जाईन पण नांदायला जाणार नाही. पुढे डॉक्टर होऊन त्यांनी सुरतेला काम केलं. शनिवारी पोरीला आईकडे नंदुरबारला न्यायला सुरतकडे जाणाऱ्या गाडीत बसलो की मला त्यांची आठवण यायची.

लोक घाबरतात त्यालाही कारण आहे. परस्परसंमतीच्या घटस्फोटाला (कलम 13 ब, 1976 पासून) आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. त्यामुळे बाई चार महिने माहेरी राहिली की गावाच्या लेखी काडीमोड झालाच.

श्रावणात कानबाई आली, आमच्या खानदेशातल्या देवीचा सण. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. बायको शनिवारी संध्याकाळी स्वतःहून हजर, रोटाचे (कानबाईच्या नैवेद्याचे) गहू दळायला. कुळाचं काम होतं, त्यात तिने माझा राग आणला नाही. सोमवारी विसर्जन झालं तशी माझी काकू मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "उनी ना ती, आते जाऊ दिऊ नको." (आली ना ती, आता जाऊ देऊ नको.) मी तिची पिशवी उचलली आणि तिला गाडीत बसवून आलो. हा प्रसंग तुमच्या कादंबरीत असायला हवा. त्या दिवशी खिडकीतून ती पहिल्यांदा माझ्याशी पोरीशिवाय दुसरं काही बोलली. नंदुरबारात मिरचीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला लागले, म्हणाली.

दसऱ्यानंतर पहिल्या वेचणीचा कापूस विकला. पाटल्या परस्पर सोडवून तिच्या हातात ठेवायचा मोह झाला होता, पण तेही परत न विचारताच झालं असतं. भाऊबीजेला तारण पावती आणि पैसे घेऊन नंदुरबारला गेलो. गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची पसरायला सुरुवात झाली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने भावाला ओवाळलं, मग पावती वाचली, व्याजाची बेरीज स्वतः करून पाहिली. पतपेढी उघडली त्या दिवशी दोघं मिळून गेलो. डबी तिने स्वतःच्या पिशवीत ठेवली. आजही तिच्याच कपाटात असते, किल्ली तिच्याकडे.

थोरला भाऊ अजून म्हणतो, नोटीस दिली असती तर आठ दिवसांत आली असती. दादा, आली असती, आणि डबीसारखीच बंद राहिली असती.

एक राहिलं. मारहाण किंवा दारू असेल तर ही कादंबरी लिहू नका, तिथे परत येणं गोड करून दाखवणं चूक आहे. शिवाय हिला माहेरी जागा होती, हातात हिशेबाचं काम होतं. ते सगळ्यांकडे नसतं.

आणि पहिलं पाऊल कुणी टाकावं असं विचारलंत. आमच्यात पहिला फोन पोरीने लावला. तिला शाळेचे पांढरे मोजे सापडत नव्हते, ते कुठे असतात हे मला माहीत नव्हतं. आईने सांगितलं, "लोखंडी कपाट, खालचा कप्पा, डाव्या हाताला." मग थोडं थांबून म्हणाली, "त्यांना दे फोन."