लाटा वाळू परत आणतातच, मग किनाऱ्यावरचा उपसा इतका घातक का?

लाटा वाळू परत आणतात हे खरं, पण तिथेच असलेली वाळू. वादळात किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांमधली वाळू समुद्र ओढून उथळ पाण्यात पसरवतो, तिथे लाटांचा जोर मोडतो आणि शांत हंगामात तीच वाळू हळूहळू पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, येते. पुढे वारा ती टेकडीवर चढवतो. ट्रकमधून गेलेली वाळू या फेऱ्यातून कायमची बाद होते. नद्यांकडून भरपाई व्हावी, तर तो गाळ धरणांत अडकलेला.

टेकडी धरून ठेवतात ती गवतं आणि मर्यादवेलीसारख्या वनस्पती. खोदताना त्या उखडल्या की उरलेली वाळूही वारा पळवतो, आणि पडलेल्या खिंडारातून उधाणाचं पाणी थेट आत घुसतं. टेकडीखाली साठलेलं गोडं पाणी खारं होतं, ते वेगळंच.

मोरोक्कोत साफी ते एसाविरा या पट्ट्यात तस्करांनी बांधकामासाठी पुळणीचा मोठा भाग खडकापर्यंत खरवडून नेला आहे. गंमत म्हणजे न धुतलेल्या समुद्री वाळूतल्या क्षारांमुळे काँक्रीटमधलं लोखंड गंजतं, म्हणजे इमारतही कच्चीच!